खांद्यासाठी गुडघ्याची उसनवारी

दिवाळीत जळगावला गेलो तर मामेभाऊ केळीचा घड डाव्या खांद्यावर घेत होता. उजवा कबड्डीत दोनदा निखळलेला. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, कूर्चेला खड्डा पडलाय.

मी म्हटलं, भरेल की! पण नाही भरत. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, दुरुस्तीचं सामान पोचणार कसं? ती भरून येत नाही हे विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवलंय.

हाडाला हाड मात्र जुळतं. म्हणून कूर्चा खालच्या हाडासकट उचलायची, ही युक्ती. १९०८ साली जर्मनीत एरिख लेक्सर यांनी नुकत्याच कापलेल्या पायांतले सांधे दुसऱ्यांना बसवल्याचं जाहीर केलं. १९९० च्या दशकात हंगेरीत लास्लो हांगोडी रुग्णाच्याच गुडघ्यातल्या कमी भाराच्या जागेतून बारीक दंडगोल काढून खड्ड्यात बसवू लागले.

मुंबईत टाटा मेमोरिअलची टिश्यू बँक १९८८ साली सुरू झाली. पण गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या हाडात जिवंत कूर्चा कुठली? म्हणून आपलाच गुडघा.

२००४ साली जर्मन डॉक्टरांनी आठ रुग्णांच्या खांद्यांचे निकाल छापले. दुखणं कमी झालं, पण सांध्याची झीज काही थांबली नाही.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "दादा, खांद्यासाठी गुडघा फोडायचा? शेतात दोन्ही लागतात."

खरंय. आता डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारणार: झीज सुरू झालीय का?