मुन्नार
मुन्नार हे भारताच्या केरळ राज्यातील इडुक्की जिल्ह्यातील थंड हवेचे ठिकाण आहे. पश्चिम घाटात सुमारे १,५०० मीटर उंचीवर, मुतिरप्पुळा, नल्लतण्णी व कुंडला या नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. 'तीन नद्या' या अर्थाच्या शब्दांवरून हे नाव पडले, असे मानले जाते.

इतिहास
१९व्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश मळेवाल्यांनी येथील डोंगरउतारांवरील जंगल तोडून लागवड सुरू केली. पुढे चहा हे मुख्य पीक ठरले. कुंडला खोऱ्यातील चहा वाहून नेणारी रेल्वे १९२४च्या महापुरात नष्ट झाली. मळ्यांवरील मजूर प्रामुख्याने तमिळभाषक आहेत. २०१५मध्ये चहा खुडणाऱ्या स्त्रियांनी बोनस व मजुरीवाढीसाठी केलेला संप देशभर गाजला. ऑगस्ट २०२०मध्ये जवळच्या पेट्टिमुडी येथे दरड कोसळून मजुरांची वस्ती गाडली गेली व सुमारे ७० जण मृत्युमुखी पडले.

प्रेक्षणीय स्थळे
* एरविकुळम राष्ट्रीय उद्यान (१९७८): दुर्मीळ नीलगिरी ताहरचा अधिवास. विणीच्या हंगामात, साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते पर्यटकांसाठी बंद असते. दर १२ वर्षांनी फुलणाऱ्या नीलकुरिंजीचा बहर येथे २०१८मध्ये आला होता.
* अनाईमुडी (२,६९५ मीटर): दक्षिण भारतातील सर्वोच्च शिखर.
* नल्लतण्णी येथील चहा संग्रहालय: चहा तयार करण्याची प्रक्रिया व जुनी यंत्रे पाहता येतात.
* माट्टुपेट्टी धरण व टॉप स्टेशन.

वाहतूक
मुन्नारला आज रेल्वे स्थानक नाही. कोचीहून सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता आहे.