कुंपणाआडची माणसें

जतच्या उत्तरेस सोलापूर जिल्ह्याची हद्द लागते. त्या सोलापुरांत एके काळीं तारेच्या कुंपणाआड माणसांची वसाहत होती. आंतील लोकांचा अपराध एवढाच, कीं १८७१ पासूनच्या कायद्यांनीं त्यांच्या जमातीच गुन्हेगार ठरविल्या होत्या. हजेरी चुकली, परवान्यावांचून पाऊल बाहेर पडलें, कीं शिक्षा! हॅरिएट स्टोबाईंची १८५२ ची 'अंकल टॉम्स केबिन' ही बाजारांत विकल्या जाणाऱ्या माणसाची कथा. येथें माणूस विकला जात नव्हता, तो जन्मतःच कैदी होत होता.

या वसाहतीवर मालतीबाई बेडेकर अधिकारी होत्या. 'विभावरी शिरूरकर' या टोपणनांवानें १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' लिहून त्यांनीं पांढरपेशा घरांत केवढी खळबळ उडविली होती! वसाहतींत जें पाहिलें, त्यांतून १९५० मध्यें 'बळी' ही कादंबरी उतरली. कुंपण राखण्याचा पगार घेतलेल्या बाईनें कुंपणाआडच्यांची व्यथा मांडावी, हें मला त्या पहिल्या धाडसाहूनही मोठें वाटतें.

कायदा १९५२ सालीं रद्द झाला. जमातींवरील शिक्का मात्र पुसला गेला नाहीं. पुढें १९८७ मध्यें लक्ष्मण गायकवाड यांचें 'उचल्या' प्रसिद्ध झालें. तोंवर लेखणी त्या जमातींतील माणसाच्याच हातीं आली होती.