रिकाम्या राखीव खुर्चीचा इतिहास

पाबळचे नाव निघाले की लोकांना मस्तानीची समाधी आठवते. कुणाला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आठवतो. आम्हाला मात्र शिरूर तालुका म्हटले की कोरेगाव भीमा आठवते. १ जानेवारीला आपण लाखोंनी तिथे जातो, जयस्तंभाला मानवंदना देतो आणि घरी परततो. आमचा प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे. पाबळ असो, केंदूर असो की आणखी कुठले गाव, तिथल्या ग्रामपंचायतीत आमच्या नावाने राखीव असलेल्या खुर्चीवर कोण बसतो? आणि ती खुर्ची मध्येच रिकामी झाली तर पोटनिवडणूक कधी होते, कोण लढवतो, किती जणांना त्याची खबर लागते?

पोटनिवडणूक म्हटले की आपले कार्यकर्ते खांदे उडवतात. एका वॉर्डाची निवडणूक, तीही उरलेल्या मुदतीपुरती, त्यात काय मोठे? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. राखीव जागेची खरी कसोटी सार्वत्रिक निवडणुकीत लागत नाही, ती जागा रिकामी झाल्यावर लागते. हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

लॉर्ड रिपनने १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा आला. शाळेच्या पुस्तकात याला लोकशाहीची पहाट म्हणतात. ही पहाट कोणासाठी होती? मताचा हक्क मालमत्ता आणि करावर ठरत होता. ज्याच्या नावावर ना जमीन ना घर, त्या महार-मांगाच्या वाट्याला काय आले? महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, पण तेही सरकारनियुक्त. म्हणूनच बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न मांडला आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनकडे प्रौढ मताधिकार मागितला. मत हा आपल्या चळवळीचा नंतर सुचलेला विषय नाही, पहिल्या दिवसापासूनचा विषय आहे.

महाड आपण पाण्यासाठी लक्षात ठेवतो. महाड नगरपालिकेसाठीही लक्षात ठेवले पाहिजे. सीताराम केशव बोले यांच्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तो हक्क बजावला. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या सभागृहाने दिले त्याच सभागृहाने काढून घेतले. निकाल लागायला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साल उजाडावे लागले. सभागृहात आपली माणसे नसतील तर कागदावरचा हक्क एका बैठकीत पुसता येतो, हा महाडचा दुसरा धडा आहे.

आता पुण्याकडे या. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आपल्याला १४८ जागांसाठी पाठ आहे. त्याचे आठवे कलम किती जणांनी वाचले आहे? स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत अस्पृश्य म्हणून कोणावरही बंधन असणार नाही आणि त्यांना योग्य प्रतिनिधित्व मिळावे यासाठी प्रयत्न केले जातील, अशी त्यात हमी होती. करारानंतर बाराव्या दिवशी, ६ ऑक्टोबर १९३२ रोजी, मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींच्या विधेयकावर बाबासाहेब उभे राहिले. जातीने बांधलेल्या गावाच्या हाती सत्ता द्यायची असेल, तर आमच्या प्रतिनिधित्वाची तरतूद कायद्यातच हवी, नुसत्या बहुमताच्या भरवशावर आम्ही राहणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. ‘प्रयत्न केले जातील’ या शब्दांवर त्यांचा विश्वास नव्हता. तो का नव्हता हे पुढच्या ६० वर्षांनी दाखवले. पंचायतीतील राखीव जागांना घटनेचे संरक्षण मिळाले ते ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ रोजी. सरपंचपदाच्या आरक्षणाचा पाया त्याच दुरुस्तीने घातला.

खुर्ची मिळाली. मग ती रिकामी करण्याच्या युक्त्या सुरू झाल्या.

तामिळनाडूत मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नाट्टारमंगलम या गावांचे अध्यक्षपद १९९६ मध्ये अनुसूचित जातीसाठी राखीव झाले. निवडणूक जाहीर व्हायची, पण दहशतीमुळे कोणी अर्ज भरायचे नाही. भरलाच तर गावाने उभा केलेला माणूस निवडून येऊन लगेच राजीनामा द्यायचा. पुन्हा निवडणूक, पुन्हा तेच. असे दहा वर्षे चालले. २००६ मध्ये तिथे रीतसर निवडणूक झाली. त्याच जिल्ह्यातील मेलवळवू येथे निवडून आलेले अध्यक्ष मुरुगेसन आणि त्यांचे साथीदार यांची ३० जून १९९७ रोजी हत्या झाली.

महाराष्ट्रात पद्धत बहुधा वेगळी असते. इथे कागद चालतो. राखीव जागेवर निवडून आलेल्याने ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र दिले नाही, तर त्याचे सदस्यत्व जाते. ही मुदत बंधनकारकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. बोगस दाखलेवाल्यांना रोखायला तो हवाच. पण अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. ज्याचा आजोबा शाळेच्या दारात उभा राहू शकला नाही, त्याने शाळेचा दाखला आणायचा कुठून? समितीकडे फाईल पडून राहते, तारीख उलटते आणि खरा माणूस घरी बसतो.

दुसरा कागद अतिक्रमणाचा. सरकारी जमिनीवर कुटुंबाचे अतिक्रमण असले तरी त्यात राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, असा निकालही २०१८ चाच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते याच पडीक आणि गायरान जमिनींसाठी. ज्या गायरानाने आमच्या माणसाला भाकर दिली, तेच आज त्याची खुर्ची काढून घेण्याचे कारण बनते. गावातल्या बड्या बागायतदाराचे अतिक्रमण कोण मोजतो?

खुर्ची रिकामी झाली की पोटनिवडणूक लागते. जागेचे आरक्षण तेच राहते, म्हणून प्रस्थापितांना आपल्यातलाच ‘ऐकणारा’ माणूस लागतो. मग पारावर बैठक होते: “उगीच खर्च कशाला, बिनविरोध करू.” बिनविरोध हा शब्द गोड आहे, पण त्यात मतपेटीच गायब होते. २०२१ च्या जानेवारीत नाशिकमधील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण तिथे पदांचा लिलाव झाला होता. लिलाव दिसला म्हणून कारवाई झाली. दबाव दिसत नाही.

एका जागेने काय फरक पडतो? ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात. सातांच्या सभेत एक मत इकडचे तिकडे झाले की बहुमत फिरते. स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्च करणे ग्रामपंचायतीला बंधनकारक आहे. ती वस्तीच्या गटारावर खर्च झाली की कमानीवर, हे विचारणारा माणूस त्या सभेत हवा.

इंग्लंडच्या शहरांत नगरसेवकाची जागा रिकामी झाली आणि फक्त दोन मतदारांनी लेखी मागणी केली, तर सुट्या वगळून ३५ दिवसांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. सार्वत्रिक निवडणूक सहा महिन्यांवर आली असेल तरच त्यातून सूट. दोन मतदार! आपल्याकडे पाहा. पुणे जिल्हा परिषद आणि शिरूर पंचायत समितीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करा, असे घटनेचे कलम २४३-ई सांगते. तरी सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. पण तीन वर्षांहून अधिक काळ पाबळच्या मतदाराला तालुक्यात आणि जिल्ह्यात आपला निवडलेला माणूस नव्हता. प्रशासकाच्या राज्यात सगळ्याच राखीव खुर्च्या एकदम रिकाम्या होतात, आणि त्यासाठी कोणाला धमकवावेही लागत नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. जयंतीची वर्गणी काढता तशी एक वही काढा. आपल्या गावात कोणता वॉर्ड कोणासाठी राखीव आहे, सदस्याच्या वैधतेची मुदत कधी संपते, जागा रिकामी झाली तर ती कोणत्या तारखेपासून, हे त्यात लिहा. उमेदवार अर्ज भरायच्या आधी त्याचे कागद तपासा, निवडून आल्यावर समितीकडे त्याच्यासोबत जा. जागा रिकामी झाली की तहसीलदार आणि निवडणूक आयोगाकडे लेखी मागणी करा. आणि ‘बिनविरोध’ची बैठक बसली तर तिथे जाऊन एवढेच विचारा: राखीव वॉर्डातच तुम्हाला एवढी एकी का आठवते?

जयस्तंभापुढे मान झुकवणारे हात पोटनिवडणुकीच्या दिवशी मतदानकेंद्रावरही दिसले पाहिजेत. खुर्ची बाबासाहेबांनी मिळवून दिली. ती रिकामी राहू न देणे आपले काम आहे.

जय भीम!