अंधुक ठिपक्याची कुळकथा

कोल्हापुरात आमच्या गच्चीवरून रात्री जोतिबाच्या डोंगरावर एक दिवा दिसायचा. वर जाऊन बघावं तर गुलालाच्या दुकानापुढे लटकणारे तीन बल्ब. अंधुक रेडिओ स्रोतांची भानगड थेट अशीच आहे.

१९५५ साली केंब्रिजच्या मार्टिन राइल यांच्या गटाने आकाशातल्या स्रोतांची दुसरी यादी काढली. स्रोत १९३६. (हे साल नव्हे, मोजदाद.) अंधुक, म्हणजे दूरचे आणि म्हणून जुने ठिपके बेसुमार, तेव्हा विश्व पूर्वी निराळं असणार, असं राइल म्हणाले. सिडनीत रेडिओ खगोलज्ञ मिल्स यांनी आकाशाचा तोच पट्टा तपासला, तर दोन याद्यांचा मेळच बसेना. केंब्रिजच्या दुर्बिणीची नजर भरड होती. शेजारशेजारचे क्षीण स्रोत मिसळून एक ठसठशीत ठिपका व्हायचा, आणि तोच यादीत चढायचा. १९५९ ची तिसरी यादी सावध निघाली: ४७१.

१९६१ मध्ये राइल सुधारलेली मोजणी घेऊन परत आले. निशाण्यावर फ्रेड हॉइल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत: विश्व सर्व काळी सारखंच. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तराला उभा राहिला हॉइल यांचा २२ वर्षांचा विद्यार्थी. जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूर, १९३८. त्यांनी आकड्यांवर नाही, अर्थावर बोट ठेवलं. स्रोत मोठमोठ्या पुंजांत विखुरले असतील आणि आपण विरळ जागी बसलो असू, तर जवळचे ठळक स्रोत कमीच भरणार. सिद्धांत पुढे मागे पडला, पण ती शंका मला आजही बिनतोड वाटते.

आता ही मोजदाद पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर चालते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २५ किलोमीटरचा पसारा. तिथे २०१० ते २०१२ दरम्यान १५० मेगाहर्ट्झवर ९० टक्के आकाश टिपलं गेलं. गोंगाटाच्या सातपट वर डोकं काढेल तोच ठिपका धरायचा, असा दंडक. तरी सुमारे ६ लाख २० हजार भरले. एवढ्यावर भागत नाही. प्रखर स्रोताभोवती आरे आणि कडी उमटतात, त्यांच्यात खोटे ठिपके दडतात. म्हणून तीच जागा दुसऱ्या तरंगलांबीच्या नकाशात बघायची, मग साध्या प्रकाशातल्या छायाचित्रावर ठेवायची.

कधी दोन ठिपके दिसतात आणि दोन्हींखाली काहीच नसतं. दीर्घिका असते मधोमध, रेडिओत जवळजवळ मुकी. ठिपके म्हणजे तिने दोन्ही बाजूंना फेकलेले झोत. १९५३ साली जेनिसन आणि मृणाल कुमार दासगुप्ता यांना हंस तारकासमूहात पहिली अशी जोडी सापडली. जोतिबावर तिघांचा एक झाला होता, इथे एकाचे दोन.