हात गेला, हुकूम उरला

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, जुन्या लोकांच्या वेसाव्यात, माझ्या ओळखीचे एक काका आहेत. बोटीवरच्या विंचमध्ये त्यांचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला. स्नायूंच्या संकेतांवर चालणारा विजेचा हात त्यांच्या कपाटात जपून ठेवलेला असतो. लग्नकार्याला ते तो घालतात. बंदरावर जाताना मात्र पट्ट्याचा, लोखंडी आकड्याचा जुनाच हात. असे का, हे शोधताना मी या हाताच्या इतिहासात शिरलो.

या इतिहासाच्या आरंभी योगायोगाने खारे पाणीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनच्या एमिल द्यु ब्वा-रेमों याने दोन्ही हातांची बोटे मिठाच्या पाण्यात बुडवून एका हाताचे स्नायू आवळले, आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला. स्नायू आकसताना वीज उमटते, हे जिवंत माणसावर दिसले. हात तुटला तरी मूठ मिटण्याचा मेंदूचा हुकूम थांबत नाही. कोपराखाली उरलेले स्नायू तो पाळतात. त्वचेवरचे इलेक्ट्रोड तो अतिशय क्षीण संकेत टिपतात. तो वाढवून मोटरला दिला, की आतल्या बाजूच्या स्नायूने मूठ मिटते, बाहेरच्या बाजूच्या स्नायूने उघडते.

असा हात प्रथम केला म्युनिकच्या राइनहोल्ड राइटर या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने. त्याचे काम १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पण निर्वात नळ्यांचे ते यंत्र अंगावर वागवता येत नव्हते; टेबलाशी बसून काम करणाऱ्या कामगारासाठी ते होते. युद्धोत्तर जर्मनीत ते विस्मरणात गेले. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, मॉस्कोत कोब्रिन्स्की आणि सहकाऱ्यांनी बॅटरीवर चालणारा, अंगावर घालता येणारा हात बनवला. थॅलिडोमाइड या औषधामुळे युरोपात हजारो मुले अपुऱ्या हातापायांची जन्मली, तेव्हा या संशोधनाला निकड आली.

आपल्याकडे संस्था नव्हत्या असे नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी जयपूर फूट घडवला तो अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, शेतातला चिखल हे सारे गृहीत धरून. त्या पायाचा विचार इथल्या जगण्यापासून सुरू झाला. विजेच्या हाताचा मात्र कारखान्यातल्या टेबलापासून.

काका म्हणाले, “भाऊ, तो हात घरातला. पाण्यातला नाय.” त्यांच्या बोलण्यात तंत्राचे नेमके ज्ञान आहे. घामाने इलेक्ट्रोडची पकड सैल होते आणि संकेत गढूळ होतो. खारे पाणी मोटर आणि जोडण्या गंजवते. पट्ट्याच्या हाताला बॅटरी लागत नाही, दोर किती ताणला यावरून पकड खांद्याला कळते, आणि बिघडला तर गल्लीतला कारागीरही दुरुस्त करतो.

पुण्यात प्रशांत गाडे यांच्या ‘इनाली’सारखे प्रयत्न किंमत खाली आणत आहेत, ते मोलाचेच. पण स्वस्त झालेला हातही कपाटातच राहू शकतो. जयपूरने पायासाठी विचारलेला प्रश्न, म्हणजे हा माणूस दिवसभर करतो काय, तो हातासाठी इथे अजून पुरेसा विचारला गेलेला नाही. तो विचारायला वेसाव्याचे बंदर ही चांगली जागा आहे.