खरा विजेता कोण? व्हँकुव्हरची एक रात्र आणि चाहत्यांचा राग

आजचा विषय ऐकून काही जणांनी भुवया उंचावल्या, हे मी इथून पाहिलं. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर बर्फावरच्या स्केटिंगबद्दल काय बोलणार? खरं सांगायचं तर बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरताच. पण निकाल लागल्यावर लोक का भांडतात, हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. आणि त्यासाठी १८ फेब्रुवारी २०१० या दिवसाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक चालू होतं. पुरुषांच्या फिगर स्केटिंगचा अंतिम टप्पा होता. या स्पर्धेचे दोन भाग असतात: आधी छोटा कार्यक्रम, मग मोठा. छोट्या कार्यक्रमानंतर रशियाचा एव्हगेनी प्लुशेन्को ९०.८५ गुणांवर होता, अमेरिकेचा इव्हान लायसाचेक ९०.३० वर आणि जपानचा दाइसुके ताकाहाशी ९०.२५ वर. म्हणजे तिघांमध्ये एका गुणाचंही अंतर नाही!

प्लुशेन्को हा २००६ चा ऑलिंपिक विजेता. मध्ये तो खेळापासून दूर गेला होता, आता परत आला होता. त्याचं हत्यार म्हणजे 'क्वाड'. हवेत उडी घेऊन चार गिरक्या पूर्ण करायच्या आणि एका पायावर, मागच्या दिशेनं, धारेवर उतरायचं. स्पर्धेत ही उडी पहिल्यांदा मान्य झाली ती १९८८ मध्ये, बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत, कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगची. प्लुशेन्कोनं त्या रात्री क्वाड आणि तिला जोडून लगेच तीन गिरक्यांची उडी घेतली. लायसाचेकनं क्वाड घेतलीच नाही. पायाच्या दुखापतीमुळे ती त्याने बाजूला ठेवली होती. आदल्या वर्षीचं जागतिक अजिंक्यपदही त्याने क्वाडशिवायच मिळवलं होतं.

निकाल काय लागला? लायसाचेक २५७.६७, प्लुशेन्को २५६.३६. फरक १.३१ गुणांचा. क्वाड न घेणारा जिंकला, घेणारा हरला.

आणि मग जे सुरू झालं ते आजतागायत पुरतं थांबलेलं नाही. पदक घ्यायला जाताना प्लुशेन्को आधी सर्वांत वरच्या पायरीवर पाय ठेवून मग आपल्या जागेवर गेला. क्वाड नसेल तर ते पुरुषांचं स्केटिंग नव्हे, नाच आहे, अशा अर्थाचं तो बोलला. रशियाचे तेव्हाचे पंतप्रधान पुतिन यांनी त्याला तार केली, तुझं रौप्य सोन्याच्या तोडीचं आहे म्हणून. त्याच्या संकेतस्थळावर तर 'प्लॅटिनम' पदकाची नोंद झळकली. दोन वेळचा रौप्यविजेता, कॅनडाचा एल्विस स्टोयको, यानं लेख लिहून सांगितलं की त्या रात्री फिगर स्केटिंगचा जीव घेतला गेला. लक्षात घ्या, स्टोयको रशियन नव्हे. म्हणजे हे भांडण निव्वळ देशाभिमानाचं नव्हतं.

चाहत्यांचे सरळ दोन तट पडले. एक म्हणे, जो सर्वांत अवघड गोष्ट करतो तोच श्रेष्ठ. पुढे जाणाऱ्याला तुम्ही शिक्षा केलीत. दुसरा म्हणे, प्लुशेन्कोच्या बाकीच्या उड्या हवेत कलत होत्या, उड्यांच्या मधलं स्केटिंग रिकामं होतं. लायसाचेकनं साडेचार मिनिटं एकही फट ठेवली नाही. आणि एक तिसरा, थोडा हळू आवाजात बोलणारा गट होता. तो म्हणे, तुम्ही दोघं भांडा, खरं स्केटिंग ताकाहाशीनं केलं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेला हा माणूस क्वाडच्या प्रयत्नात पडला, तरी कलागुणांत त्या रात्री सर्वांच्या पुढे होता. त्याला कांस्य मिळालं, आणि या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारा तो आशियातला पहिला पुरुष ठरला.

आता जरा थांबू या. तिन्ही गटांनी तोच कार्यक्रम पाहिला होता. कोण पडलं, कोण नाही, याबद्दल दुमत नव्हतं. मग भांडण कशाबद्दल होतं?

आपल्याकडे कुस्तीच्या फडात पाठ मातीला लागली की निकाल लागला. पैलवानानं डाव सुंदर टाकला की ओबडधोबड, हा नंतरच्या गप्पांचा विषय. डेव्हिड बेस्ट नावाच्या तत्त्वज्ञानं १९७० च्या दशकात या दृष्टीनं खेळांचे दोन वर्ग केले. एका वर्गात गोल झाला, रेषा ओलांडली, की काम झालं. ते कसं झालं हे दुय्यम. दुसऱ्या वर्गात 'कसं झालं' हेच 'काय झालं' असतं. जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग, फिगर स्केटिंग हे या दुसऱ्या वर्गातले. इथे पाठ लागण्यासारखी खूण नाही. कुणीतरी पाहून ठरवावं लागतं.

आणि पाहून ठरवायचं म्हटलं की संशय आलाच. या खेळाचा इतिहास म्हणजे त्या संशयाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. १९८८ ला कॅलगरीत अमेरिकेचा ब्रायन बोइटानो आणि कॅनडाचा ब्रायन ऑर्सर यांच्यात नऊ परीक्षकांपैकी पाच एकीकडे, चार दुसरीकडे. एका माणसाचं मत फिरलं असतं तर सुवर्ण फिरलं असतं. तेव्हा सहापैकी गुण देत. ५.८ का आणि ५.९ का नाही, हे प्रेक्षकाला कळायचा मार्ग नव्हता. मग २००२ ला सॉल्ट लेक सिटीत जोड्यांच्या स्पर्धेत एका परीक्षकावर दबाव असल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि शेवटी दोन जोड्यांना सुवर्ण द्यावं लागलं. त्यानंतर सहा गुणांची पद्धत गेली. नवी आली: प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेली किंमत, त्यात ती कशी केली यासाठी अधिक-उणे, आणि कलागुण वेगळे.

व्हँकुव्हरचा निकाल या नव्या हिशेबानं लागला होता. तो हिशेब उघडून बघा, मोठी गंमत आहे. मोठ्या कार्यक्रमात दोघांचे कलागुण अगदी सारखे: ८२.८० आणि ८२.८०. म्हणजे 'सुंदर नाचला म्हणून अमेरिकन जिंकला' हे म्हणणं कागदावर टिकतच नाही. फरक पडला तो तांत्रिक गुणांत: लायसाचेक ८४.५७, प्लुशेन्को ८२.७१. क्वाड न घेणारा तंत्रात पुढे! कसं काय? तेव्हा कार्यक्रमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, पाय थकलेले असताना घेतलेल्या उडीला दहा टक्के जास्त किंमत होती. लायसाचेकनं जास्त उड्या तिकडे ठेवल्या. शिवाय त्याला सफाईचे गुण एकूण थोडे जास्त मिळाले. आणि क्वाडची मूळ किंमत होती ९.८, तर साडेतीन गिरक्यांच्या ट्रिपल ॲक्सेलची ८.२. फरक १.६ चा. उलट क्वाडमध्ये गिरकी अपुरी पडली, तर थेट तीन गिरक्यांच्या उडीची किंमत हातात पडायची. लायसाचेकनं हे नियम नीट वाचले होते. तो काही लबाडी करत नव्हता.

इथे मला माझी नोकरी आठवते. तीसेक वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. दरवर्षी दोन विद्यार्थी भेटत. एक जण सर्वांत अवघड प्रश्न घ्यायचा, त्यात चमक दाखवायचा आणि दोन ठिकाणी घसरायचा. दुसरा बेताचे प्रश्न निवडून प्रत्येक उत्तर नीटस लिहायचा. गुणपत्रिकेवर दुसरा पुढे. स्टाफरूममध्ये आम्ही पहिल्याबद्दल बोलायचो. एकदा अशाच एका पहिल्या आलेल्या मुलीसमोर मी म्हणून गेलो, 'खरं डोकं त्या दुसऱ्याचं आहे हो.' तिचा चेहरा पडला. तिनं प्रश्नपत्रिका काढली नव्हती. ती काढणाऱ्यांत मी होतो.

'खरा विजेता' या शब्दांत दोन अर्थ गुंतलेले आहेत, ते सोडवायला हवेत. एक: ठरलेल्या नियमांनी कोण जिंकलं? दोन: नियम कसे असायला हवे होते? व्हँकुव्हरला पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं: लायसाचेक. चाहते भांडत होते दुसऱ्या प्रश्नावर, पण शब्द मात्र पहिल्याचे वापरत होते. 'धाडसाची किंमत वाढवा' असं म्हणण्याऐवजी 'याचं पदक खोटं' असं म्हणत होते. नियमाबद्दलचा राग माणसावर निघाला. ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या माणसाला आपण जिंकलो कसे, याचा खुलासा करत बसावं लागलं. हा अन्याय होता असं माझं मत आहे.

पण म्हणून चाहत्यांना मूर्ख म्हणायला मी तयार नाही. कांट म्हणतो की 'हे सुंदर आहे' असं म्हणताना आपण नुसती आपली आवड सांगत नाही, इतरांनीही मान्य करावं अशी मागणी करतो. आणि तरी ते गणितासारखं सिद्ध करून देऊ शकत नाही. स्केटिंगच्या चाहत्याचं हेच दुखणं आहे. त्याला दिसलेलं श्रेष्ठत्व त्याला खरंखुरं दिसलेलं असतं. कोष्टकात ते मावलं नाही की तो ओरडतो. आणि त्या ओरडण्यातून खेळ बदलतो.

पुढे काय झालं पाहा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात नियम बदलले. त्याच क्वाडची किंमत ९.८ वरून १०.३ झाली, गिरकी थोडी अपुरी पडली तरी ७० टक्के किंमत मिळू लागली. धाडस परवडायला लागलं. आठ वर्षांनी, २०१८ ला प्याँगचँगमध्ये, अमेरिकेच्या नेथन चेननं एकाच कार्यक्रमात सहा क्वाड घेतल्या. मग चाहत्यांची तक्रार काय? आता नुसत्या उड्याच राहिल्या, स्केटिंग कुठे गेलं! म्हणजे व्हँकुव्हरचा दुसरा तट आता आवाज चढवून बोलू लागला. २०१८ मध्येच पुन्हा बदल: मोठा कार्यक्रम साडेचारवरून चार मिनिटांवर, आठऐवजी सात उड्या, सफाईच्या गुणांची कक्षा रुंद, आणि त्या क्वाडची मूळ किंमत ९.५. बघा, २०१० पेक्षाही कमी!

कुणी म्हणेल, हा तर गोल गोल फिरण्याचा खेळ झाला. मला तसं वाटत नाही. धाडस, सफाई आणि कला या तिन्ही गोष्टी या खेळाला हव्या आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी भाव एकदाच कायमचा ठरवता येत नाही. तो पिढीपिढीनं ठरवावा लागतो, आणि ते ठरवण्यात गॅलरीत बसलेल्याचाही वाटा असतो.

आणि चाहते हे शिकू शकतात, याचंही उदाहरण आहे. २०२२ ला बीजिंगमध्ये दोन वेळचा विजेता, जपानचा युझुरू हान्यू, साडेचार गिरक्यांची उडी घ्यायला गेला. तोवर ती कुणालाच साधली नव्हती. तो पडला आणि चौथा आला. सुवर्ण चेनला मिळालं. हान्यूच्या असंख्य चाहत्यांनी तो पडण्याचा क्षणच जपून ठेवला आहे. आणि तो जपण्यासाठी चेनचं पदक खोटं ठरवायची गरज नाही. नियमानं दिलेलं नियमाकडे, आणि आपल्याला दिसलेलं आपल्याकडे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

त्या मुलीला मी हे तेव्हा सांगायला हवं होतं. तिला म्हणायला हवं होतं, 'अभिनंदन, तू पहिली आलीस.' तिथे वाक्य संपवायचं होतं. प्रश्नपत्रिका कशी असावी यावर वाद घालायचाच होता, तर तो मी आमच्या बैठकीत घालायला हवा होता.

चला, माझी वेळ संपली. कुणाला विचारायचं असेल तर विचारा.