चाळीस टक्क्यांची कप्पी

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला अप्लाइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये एक कप्पी टांगलेली असायची. वेस्टन डिफरन्शियल पुली ब्लॉक. वजन लावा, साखळी ओढा, रीडिंग घ्या, ग्राफ काढा, जर्नलवर सही घ्या. संपलं! एफिशियन्सी ३५ ते ४० टक्के यायची आणि ज्याची येत नसे तो शेजारच्याच्या जर्नलमधून 'आणायचा'. (हो, मीसुद्धा.) व्हायवाला सरांनी विचारलं, "एवढी कमी का?" मी म्हणालो, "सर, फ्रिक्शन." त्यावर सर म्हणाले, "मग असलं मशीन विकत कोण घेईल?"

मी गप्प. उत्तर मिळायला जवळजवळ दहा वर्षं गेली.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतला पंप दुरुस्तीसाठी खड्ड्यातून वर काढत होते. लोखंडी तिकाटण्याला चेन ब्लॉक लावलेला. एक माणूस एकटाच साखळी ओढतोय, कट् कट् कट् आवाज येतोय आणि पंप इंच इंच वर येतोय. मध्येच त्याचा मोबाइल वाजला. त्याने चक्क साखळी सोडली आणि फोनवर बोलत बाजूला गेला. पंप जिथल्या तिथे, अधांतरी! तेव्हा माझी ट्यूब पेटली. आणि मग दोन-तीन वीकेंड मी या कप्पीच्या मागे लागलो.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, ३ नोव्हेंबर १८५७ ला. थेम्सच्या काठी मिलवॉलला 'ग्रेट ईस्टर्न' नावाचं अवाढव्य जहाज पाण्यात ढकलायचं होतं. लांबी ६९२ फूट, वजन साधारण १२,००० टन. इंजिनियर होता इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल. नदी अरुंद असल्यामुळे जहाज आडवं सरकवायचं ठरलं. ते एकदम सुटू नये म्हणून त्याच्या साखळ्या दोन मोठ्या ड्रमांना गुंडाळल्या होत्या आणि त्या ड्रमांना हाताने फिरवायचे रहाट जोडलेले होते. ब्रुनेलला शांतता हवी होती, पण कंपनीने तर तिकिटं विकलेली! काठावर ही गर्दी.

जहाज अचानक हललं. मागच्या बाजूच्या ड्रमची साखळी खेचली गेली, ड्रम फिरला, आणि रहाटाच्या दांड्या गरगर उलट्या फिरल्या. त्या धरून उभी असलेली माणसं हवेत फेकली गेली. त्या जखमांनी जीवही गेला. जहाज सरकलं होतं जेमतेम चार फूट.

थोडक्यात काय, उचलण्याच्या आणि ओढण्याच्या यंत्रात खरा प्रश्न ताकदीचा नसतोच. ताकद गुणून वाढवता येते. प्रश्न हा, की ज्या रस्त्याने माणसाची ताकद वजनापर्यंत जाते, त्याच रस्त्याने वजनाची ताकद माणसापर्यंत परत येऊ शकते. मग तो रस्ता वन-वे कसा करायचा?

जहाज शेवटी ३१ जानेवारी १८५८ ला तरंगलं, ते हायड्रॉलिक जॅकच्या जोरावर. त्यातले काही जॅक बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंचे होते. मूळचे कॉर्नवॉलचे हे भाऊ तेव्हा एका छोट्याशा भाड्याच्या जागेत वर्कशॉप चालवत होते. जहाज आम्ही पाण्यात ढकललं आणि जहाजाने आम्हाला धंद्यात ढकललं, अशा अर्थाचं ते पुढे म्हणायचे. (गंमत म्हणजे हेच जहाज १८७० मध्ये समुद्राखालची तार टाकायला आपल्या मुंबईत आलं होतं. मुंबई ते एडन!)

आता आपली कप्पी. थॉमस ऑल्ड्रिज वेस्टनने ती १८५० च्या दशकात काढली आणि बनवली याच टँगी बंधूंनी. मूळ कल्पना जुनी होती. एकाच दांड्यावर दोन वेगवेगळ्या जाडीचे भाग असलेला रहाट युरोपात 'चिनी रहाट' म्हणून ठाऊक होता. एका भागावर दोर गुंडाळतो, दुसऱ्यावरून सुटतो, आणि वजन फक्त दोघांतल्या फरकाएवढं वर जातं. पण त्याला दोर लागतो भलताच लांब. वेस्टनने दोराऐवजी एकच बंद साखळी घेतली आणि कड्या नीट बसतील अशा खाचा चाकांना दिल्या.

हिशेब बघा. मोठं चाक २० सेंटिमीटरचं, छोटं १८ चं. व्हेलॉसिटी रेशो २०, म्हणजे साखळी २० फूट ओढली तर वजन १ फूट वर. ५०० किलोसाठी कागदावर २५ किलोचा जोर पुरतो. पण एफिशियन्सी ४० टक्के, म्हणून प्रत्यक्षात ६२ किलोच्या वर लागतो. १०० रुपयांचं काम केलं, त्यातले ४० वजनाला पोचले, ६० घर्षणाने खाल्ले.

आता साखळी सोडा. वजनाला खाली यायचंय, पण त्याच्या खिशात फक्त ते ४० रुपये. आणि घर्षण तर पुन्हा ढोबळमानाने ६० मागणार! वजन तिथेच लटकतं. एफिशियन्सी ५० टक्क्यांच्या खाली असली की मशीन उलटं फिरत नाही, हे आपण पुस्तकात 'सेल्फ-लॉकिंग' म्हणून पाठ केलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की जे घर्षण जर्नलमध्ये 'लॉस' म्हणून लिहिलं, तोच इथे ब्रेक आहे.

आणि हे मशीन लोकांनी विकत घेतलं का? अक्षरशः जगभर! लंडनच्या १८६२ च्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅमफर्डच्या येल कंपनीने (तीच ती, कुलपांची) त्याचे तिथले हक्क घेतले आणि कुलपांबरोबर चेन ब्लॉकही विकायला लागली. गिऱ्हाईकाच्या बाजूने विचार केला तर कारण सरळ आहे. गोदीत, गिरणीत, फाउंड्रीत सहा माणसांचं काम एक माणूस करतो, आणि त्याचा हात सुटला तरी खालचा वाचतो.

पुढची पायरी आणखी सुंदर आहे. घर्षण सतत कशाला भरायचं? गियर लावून एफिशियन्सी वाढवा, आणि वजनच स्वतःच्या जोराने ब्रेकच्या चकत्या आवळेल अशी रचना करा. जितकं वजन जास्त, तितकी पकड घट्ट. या ब्रेकलाही वेस्टनचंच नाव आहे, आणि आजच्या बहुतेक चेन ब्लॉकमध्ये तो असतो. आमच्या खड्ड्यावरचा कट् कट् आवाज त्यातल्याच खटक्याचा.

आपल्याकडे मुंबईत १९६२ मध्ये हर्क्युलिस हॉइस्ट्स सुरू झाली, हाइनरिख डे फ्रीस या जर्मन कंपनीच्या तंत्रज्ञानावर. 'इंडेफ' हे नाव कुठल्याही वर्कशॉपवाल्याला विचारा. आज जगभर कस्टमच्या कागदांवर कप्प्या, हॉइस्ट, विंच आणि जॅक या सगळ्यांचा मिळून एकच कोड असतो, ८४२५. लाखो कंटेनर इकडून तिकडे जातात, आणि त्यांतला माल ज्यांच्यामुळे कारखान्यात जागेवर बसतो, ती ही मंडळी एका चार आकडी नंबरात गप्प बसलेली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले उठसूट ऑप्टिमाइझ करत असतो. हा चेक काढ, ते कन्फर्मेशन काढ, दोन मिलिसेकंद वाचव. मीही करतो. पण आता काहीही काढण्याआधी एकदा विचारतो, की हा नुसता 'लॉस' आहे की कुणी लावून ठेवलेला ब्रेक?

सर, उत्तर उशिरा देतोय. हे मशीन तो विकत घेईल, ज्याला वजनाच्या खाली उभं राहायचंय.